ताठ बोट

माझ्या वर्गात तेवीस मुलं आहेत, आणि सव्वा वर्ष त्या तेवीसही मुलांचा उजवा हात माझ्या नवऱ्याचा होता.

ही भुताखेतांची गोष्ट नाही. आमच्या पिंपळझरीत भुताने यायचं ठरवलं तरी त्याला आधी ग्रामपंचायतीचा ठराव लागेल, आणि आमची ग्रामपंचायत झेंडावंदन सोडून कधी जमत नाही. गोष्ट एका यंत्राची आहे, शाळेतल्या एका विषयाची आहे आणि थोडी माझी आहे.

विषयाचं नाव ‘रचना आणि तंत्र’. तिसरीपासून सक्तीचा. मुलांनी आधी कल्पना करायची, ती कागदावर काढायची, मग हाताने वस्तू करून बघायची, आणि जमली नाही तर का जमली नाही ते शोधायचं. फार सुंदर विषय. सरकारने विषय पाठवला, छोट्या करवती पाठवल्या, पटाश्या आणि हातोड्या पाठवल्या. शिकवणारे तेवढे पाठवायचे राहिले. मी मराठीची पदवीधर. मला खिळा ठोकता येतो, पण तो बहुतेक वेळा माझ्याच अंगठ्यावर. त्यामुळे पहिली काही वर्षं मुलं वस्तू घरून करून आणत, म्हणजे त्यांच्या आया करून देत. खोक्याचं घर, आगपेट्यांची बैलगाडी. मी आयांना मार्क देत होते आणि सगळे खूश होते.

घरात मात्र उलटी तऱ्हा होती. माझा नवरा हेमराज झाडे तालुक्याच्या आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचा. नवऱ्याला नावाने हाक मारायची सोय आमच्या पिढीत झाली होती, ती मी पुरेपूर वापरली. तो मात्र मला ‘मॅडम’ म्हणायचा, घरातसुद्धा, आणि ते आदराने नसायचं.

त्याच्या उजव्या हाताची तर्जनी वाकत नसे. आमच्या लग्नाआधी आयटीआयमध्ये एका पोराचा हात फिरत्या करवतीकडे सरकत होता. हेमराजने तो हात मागे ओढला आणि त्याचं स्वतःचं बोट मध्ये गेलं. बोट वाचलं, पण आतली दोरी तुटली. तेव्हापासून ते ताठ. पटाशी धरताना ताठ, भात कालवताना ताठ. भांडणात तर फार राग यायचा, कारण तो गप्प बसला तरी माझ्याकडे बोट दाखवतोय असंच वाटायचं. आणखी एक सवय होती. काम झालं की वस्तूवर तळहाताने दोन थापा मारायच्या आणि म्हणायचं, “झाला पास.” खुर्ची असो, पाट असो, परीक्षेहून आलेल्या मुलाची पाठ असो, दोन थापा ठरलेल्या.

तो मुलगा म्हणजे आमचा निनाद. तो नागपूरच्या एका कंपनीत इंजिनिअर झाला, आणि हेमराजच्या किडन्या थकायला लागल्या त्या वर्षी एक पट्टा घेऊन घरी आला.

पट्ट्याचं नाव ‘करविद्या’. कोपराखाली बांधायचा रुंद पट्टा, आतून ज्वारीच्या दाण्याएवढ्या टिकल्या. आपण हात हलवतो म्हणजे मेंदू स्नायूंना निरोप धाडतो, आणि तो निरोप विजेच्या बारीक लहरीचा असतो. ती लहर कातडीवरूनही टिपता येते. कसबी माणसाच्या हातावर पट्टा बांधला की कोणता स्नायू केव्हा आणि किती ओढला गेला, याची नोंद होते. शिकणाऱ्याच्या हातावर बांधला की तीच नोंद उलटी वाहते. पट्टा त्याच स्नायूंना त्याच क्रमाने हलके झटके देतो आणि शिकणाऱ्याचा हात उस्तादासारखा चालू लागतो. दुखत नाही, मुंग्या आल्यासारखं वाटतं. पट्ट्याला एक बारका डोळाही आहे. तो समोरचं लाकूड बघतो, मुलाचा हात केवढा ते बघतो आणि हिशेब जुळवून घेतो.

“बाबा, तुमचा हात पाहिजे,” निनाद म्हणाला.

“तुह्या मायनं कधीचाच मागून घेतला,” हेमराज म्हणाला. “आता उरला असंल तं घे.”

मग तो ओट्यावर बसून नंदी करत राहिला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांच्या बैलांची पूजा झाली की पोरांची पाळी. लाकडाचे चाकांवरचे नंदी सजवायचे, दोरीने ओढत घरोघर न्यायचे आणि बोजारा मागायचा, म्हणजे खाऊ नाहीतर चार पैसे. हेमराजचे नंदी पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. डायलिसिसहून आला की थोडा वेळ पडायचा, मग पट्टा बांधून पटाशी उचलायचा. एकदा मला म्हणाला, “मॅडम, मी मेलो तरी माही मास्तरकी सुटत नाही पहा.” मी त्याच्यावर ओरडले. खरं तर मला बरं वाटलं होतं.

थाप मात्र नोंदीत आली नाही. काम संपल्यानंतरची हालचाल यंत्र आपोआप छाटतं, निनाद म्हणाला, कारण ती कामाची नसते.

हेमराज मार्चमध्ये गेला. जूनमध्ये जिल्ह्यातल्या दोनशे शाळांना पट्टे मिळाले, त्यात आमचीही शाळा होती.

पहिल्या दिवशी तिसरीच्या मुलांनी पट्टे बांधले. समोर पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचे ठोकळे. मी सांगितल्यावर सगळ्यांनी पटाश्या उचलल्या, आणि तेवीस तर्जन्या ताठ झाल्या. तेवीस मनगटं तशीच किंचित बाहेर वळली. पहिला कापा घेण्याआधी हेमराज जितका थांबायचा तितकीच सगळी थांबली. मी वर्गाबाहेर नळाजवळ गेले आणि रडले. दुःखाने नाही, आनंदाने. गेलेला माणूस पुन्हा दिसावा असं सगळ्यांनाच वाटतं. मला तो तेवीस जागी दिसत होता, आणि तोही सरकारी खर्चाने.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला शाळेच्या पटांगणात तेवीस नंदी उभे राहिले. एकापेक्षा एक नव्हे, एकासारखा एक. तीच उचललेली मान, तेच वशिंड. सरपंचांनी बक्षिसासाठी दोन फेऱ्या मारल्या, घाम पुसला आणि शेवटी झुलीच्या रंगावर निकाल दिला. गाव म्हणालं, झाडे मास्तर पुन्हा आले. मी दिवसभर मिरवत होते.

मिरवणूक सुटल्यावर ओजल माझ्यापाशी आली. ओजल मेश्राम, वर्गातली सगळ्यात बारकी आणि सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. हातात दोरी, पण दोरीला नंदी नाही.

“मॅडम, माहा नंदी कोणता हाय?”

“तुलाच ठाऊक. तूच केलास ना?”

तिने सगळ्या नंद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मले ओळखू नाही येत,” ती म्हणाली आणि जवळचा एक उचलून घेऊन गेली. मला हसू आलं. त्या वेळी मला फक्त हसूच आलं.

पुढच्या जुलैत ओजल चौथीत होती. पुन्हा नंदी करायचे होते, आणि मी यंदा आधी चित्रं काढायला सांगितली. विषयाच्या पुस्तकात तसं होतंच, आम्ही ते पान सोडून जायचो, कारण पट्ट्याला चित्र लागत नसे. ओजलने काढलेल्या नंदीच्या मानेतून बाणच बाण निघाले होते.

“हे काय गं?”

“हा मान हलवते मॅडम. खरा बैल कसा हलवते, चालतानी? तसा.”

“छान. कर मग.”

तिने पट्टा बांधला आणि पटाशी उचलली. मानेच्या जागी तिला खोबण हवी होती, मान वेगळी करून त्यात बसवायची होती. हात त्या जागेपर्यंत गेला आणि वळला. पुन्हा नेला, पुन्हा वळला. हेमराजच्या नंदीला तिथे खोबण नव्हती, म्हणून तिच्याही हाताला नव्हती. थोड्या वेळाने समोर हेमराजचा नंदी तयार होऊ लागला आणि ओजल आपल्याच हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तशी बघत बसली.

“पट्टा मले माह्या जागी जाऊच नाही देत,” ती म्हणाली.

“मग काढून टाक. तुझ्या हाताने कर.”

तिने पट्टा काढला, पटाशी धरली, आणि पटाशी हातातून निसटून खाली पडली. उचलली, पुन्हा पडली. वर्षभर सफाईने पटाशी चालवलेली मुलगी ती, आणि पहिल्याच दिवशी धरल्यासारखी धरत होती. बोट तेवढं ताठ, पट्टा नसतानाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई ज्योत्स्ना शाळेत आली. दारातच उभी राहून पदराशी चाळा करत होती.

“मॅडम, रागावू नका जी. पोट्टी जेवतानी एक बोट वर धरते. वरण सगळं अंगावर गळते. आधी मले वाटलं नखरे करून रायली. मंग सासूबाई म्हणाल्या, शाळेत काय राणी व्हायले शिकवतेत का? काल दोरी बांधून बोट वाकवलं तं रडली. म्हणते, वाकतच नाही.”

मी तिला म्हटलं, बघते. आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीआधी वर्गात मुरमुऱ्याचे लाडू वाटले. पट्टे कपाटात होते. तेवीस मुलांनी लाडू उचलले. चौदा-पंधरा बोटं वर होती, बाकीची अर्धी. मुलं हसत-खेळत लाडू खात होती.  सव्वा वर्ष मी ज्या बोटांकडे बघून सुखावले होते तीच ही बोटं, आणि इतके दिवस मी त्यांचा चुकीचा अर्थ लावला होता. हेमराजचं बोट वाकत नव्हतं कारण ते तुटलं होतं. यांची बोटं वाकत नव्हती कारण यंत्राला तुटलेलं बोट आणि कसब यांतला फरक कळला नव्हता. खरं म्हणजे यंत्राला कसा कळणार? मलाच कळला नव्हता, आणि मी तर त्या बोटाबरोबर अठ्ठावीस वर्षं संसार केला होता.

मी ओजलला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा हात तपासला. हाड नीट, शीर नीट.

“बोटाला काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मेंदूने त्याला कामावरून काढलंय. वर्षभर प्रत्येक पकडीत ते बाजूला ठेवलं गेलं, तेव्हा मेंदूने ठरवलं की पकड चारच बोटांची असते. या वयात जे बसतं ते पक्कं बसतं. पण या वयातच सुटतंही. पट्टा आज बंद केला तर काही महिन्यांत परत येईल. अजून वर्ष चालला तर मी खात्री देणार नाही.”

मी विचारलं, पण मग पट्ट्याशिवाय पोरीला पटाशी का धरता येत नाही? बाकीची चार बोटं तर शिकली असतील?

त्यांनी टेबलावरचा पेन माझ्याकडे फेकला. मी तो कसाबसा झेलला.

“तुमच्या मेंदूने आधी अंदाज बांधला, पेन इथे येईल. तो थोडा तिकडे आला. अंदाज आणि खरं यांतला जो फरक, तोच मेंदूचा धडा. पुढच्या वेळी तुम्ही जास्त चांगला झेलाल. तुमचा पट्टा मुलाला चुकूच देत नाही. फरकच उरत नाही, तर मेंदू शिकणार कशावर? हात फक्त प्रवास करून आलाय, रस्ता त्याने पाहिलेला नाही.”

परत येताना बसमध्ये ओजल खिडकीशी बसली होती. काचेवर बोटाने बैल काढत होती. तर्जनीने नव्हे, मधल्या बोटाने.

निनाद रविवारी आला. मी त्याच्या आवडीचं पातोडीचं कालवण केलं होतं, म्हणजे बोलणं अवघड आहे हे त्याला दारातच कळलं. मी सगळं सांगितलं. त्याने हात कपाळाला लावला.

“माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. “मला ते बोट दिसतच नाही, आई. लहानपणापासून पाहतोय. मला वाटतं हात असाच असतो.”

“मलेही तसंच वाटलं बेटा.”

“बोट दुरुस्त करता येईल. दुसऱ्या हातांच्या नोंदी घेऊन त्या एका बोटाची हालचाल बदलायची. बाकी बाबा जसेच्या तसे राहतील. चाचण्या, मंजुरी, सगळं धरून मार्चपर्यंत होईल.”

“आणि तोवर?”

“तोवर पट्टे चालूच राहणार. एका आईच्या तक्रारीवर कंपनी दोनशे शाळा थांबवणार नाही. मी उद्या कळवतो, समिती बसेल, पण समिती म्हणजे...” त्याने वाक्य पुरं केलं नाही. समिती म्हणजे काय ते मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं आहे.

“लगेच थांबवायचा रस्ता नाही काही?”

त्याने ताटातली पातोडी बाजूला सारली. 

“आहे,” तो म्हणाला. “नोंद बाबांची आहे आणि वारस तू आहेस. तू संमती मागे घेतली तर त्याच दिवशी सगळे पट्टे बंद. पण मग नोंद पुसावी लागते, आई. सगळीकडून. कंपनीकडून, माझ्याकडून. एक प्रतही ठेवता येत नाही.”

कायदा तसा आहे आणि चांगला आहे. मेलेल्या माणसाची शरीर-नोंद ज्या कामासाठी दिली त्या कामापुरतीच ठेवायची, काम थांबलं की पुसायची. नाहीतर मेलेल्यांना कामाला जुंपणाऱ्यांची रांग लागली असती. कायदा चांगला असतो तेव्हाही तो आपल्याच दारात आला की वाईट वाटतो.

“मार्चपर्यंत थांब ना,” निनाद म्हणाला. “मुलं लहान आहेत, सुटेल ते बोट. डॉक्टर खात्री देणार नाही एवढंच म्हणाल्या.”

“आणि बोट सुटलं तरी? मार्चनंतर बोट नीट, पण हात पुन्हा त्याचाच. त्या पोरीले मान हलवणारा नंदी पायजे. तुह्या बाबाले तो येत नव्हता.”

“आई, सरळ सांगू?” त्याचा आवाज चढला. “तुझ्याकडे ती तेवीस मुलं आहेत. मी दर रविवारी कारखान्यात एकटा बसतो, पट्टा बांधतो आणि एक ठोकळा घेतो. माझ्याकडेही तेवढेच उरलेत बाबा.”

हे मला ठाऊक नव्हतं. माझा मुलगा, सदऱ्याचं बटण तुटलं तर फोन करून विचारणारा, दर रविवारी एकटा बसून बापाच्या हाताने लाकूड तासतो. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याच्यावर ओरडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही.

“निनाद, ते बोट कसं गेलं ते तुले माहीत हाय?”

“माहीत आहे.”

“एका पोट्ट्याचा हात वाचवताना गेलं. तो पोट्टा त्याच्या नात्याचा नव्हता, गोत्याचा नव्हता. आता त्याच बोटापायी दोनशे शाळेतल्या पोट्ट्यांचे बोटं चालले. हे त्याले विचारलं असतं तं तो काय म्हणाला असता? मार्चपर्यंत थांबा म्हणाला असता?”

निनाद उठला. हात धुतले आणि जेवण अर्धं टाकून निघाला. जाताना त्याने पिशवीतून स्वतःचा पट्टा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

“संमती मागे घ्यायची तर यातच बोलून घेता येते,” तो म्हणाला. “त्याआधी एकदा बांधून बघ. तू कधी बांधला नाहीस.”

खरंच नव्हता बांधला. शिक्षकांना पट्टा नसतो.

दुपार होती, ओट्यावर ऊन होतं. मी हेमराजच्या जागी बसले, पट्टा बांधला, त्याची पटाशी घेतली आणि ठोकळा पायाच्या बेचक्यात धरला. माझं बोट ताठ झालं. मनगट वळलं. पहिल्या काप्याआधी हात थांबला, आणि तो थांबला तेव्हा आत्ता हेमराज काहीतरी बोलेल असं मला वाटलं. मग लाकडाच्या चिप्या उडू लागल्या. कपाळ निघालं, शिंगांची मुळं निघाली. माझ्या हाताला एवढी ताकद आहे हे मला ठाऊक नव्हतं. ती माझी नव्हतीच म्हणा.

नंदीचं तोंड पुरं झालं आणि हात थांबला. मी वाट पाहिली. लाकडावर हात तसाच पडून राहिला, मेलेल्या माणसाचा असावा तसा. थाप नव्हती. ‘झाला पास’ नव्हतं. कामाची नसलेली हालचाल यंत्राने छाटली होती, आणि माझा नवरा नेमका त्या छाटलेल्या भागात होता.

मी पट्ट्याला सांगितलं, संमती मागे घेते. त्याने तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं. तिसऱ्या वेळी आवाज फुटला, पण यंत्राने चालवून घेतलं.

त्यानंतरचे आठवडे विचारू नका. चौथीचा वर्ग म्हणजे नुसता गोंधळ. पांगाऱ्याचं लाकूड मऊ असतं, पण वर्षभर उस्तादासारखं काम केलेल्या मुलांना ते दगडासारखं वाटत होतं. दोघांनी पटाश्या फेकल्या. एक बाप येऊन म्हणाला, “मॅडम, मागच्या वर्षी पोट्टं कारागीर होतं, यंदा ढ कसं झालं?” मी म्हटलं, यंदा ते शिकत आहे. त्याला ते पटलं नाही. बक्षिसाचं काय, असं सरपंचांनी दोनदा विचारलं. निनादचा फोन येत नव्हता. कामावर त्याचं काय झालं असेल ते विचारायची माझी हिंमत होत नव्हती.

मी स्वतः त्यांच्याबरोबर पटाशी घेऊन बसले. मुलांना फार मजा वाटली, कारण मी त्यांच्यापेक्षाही वाईट होते. माझ्या नंदीला पाहून एकाने हा डुक्कर आहे का विचारलं. पण एक गोष्ट झाली. काही बिघडलं की मी फळ्यावर लिहायचे, काय व्हायला पाहिजे होतं आणि काय झालं. मग सगळे मिळून शोधायचो, का झालं. विषयाच्या पुस्तकात पहिल्या पानावर हेच लिहिलेलं होतं. पहिल्यांदाच आम्ही ते पान वाचत होतो.

ओजलची मान हलली नाही. खोबण मोठी झाली आणि मान पडली. मग दोऱ्याने बांधली, तर दोरा तुटला. तिसऱ्यांदा तिने मान सरळ खिळ्याने ठोकली आणि रुसून बसली. पोळा तोंडावर आला होता. घाईघाईत तिने चाकांना भोकं पाडली, तीही मधोमध नाही, एका अंगाला. मी पाहिलं, पण काही बोलले नाही. बोलायचं तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पटांगणात तेवीस नंदी उभे राहिले. त्यांतले दोन खेचरासारखे होते, एक उंदरासारखा आणि माझा डुकरासारखा चोविसावा. पण कोणता कुणाचा ते लांबून कळत होतं. निनाद आला होता. गर्दीच्या मागे उभा होता, दाढी वाढलेली. मी गेले तर म्हणाला, “नोकरी आहे अजून. ओरडा खाल्ला.” मग “तुझं बरोबर होतं,” असं जमिनीकडे बघत म्हणाला. मी त्याच्या दंडाला धरून ठेवलं.

तेवढ्यात पोरांत गलका झाला. ओजलने दोरी ओढली होती. भोकं एका अंगाला असल्यामुळे चाकं फिरताना वर-खाली होत होती, आणि चाकांबरोबर अख्खा नंदी. पुढचं चाक वर आलं की मान वर, खाली गेलं की मान खाली. दमदार बैल रस्त्याने चालावा तसा तो मान हलवत चालला होता. खोबणीने झालं नाही, दोऱ्याने झालं नाही, ते चुकलेल्या भोकाने झालं होतं.

ओजल आधी घाबरली. मग तिने नंदी उलटा केला, चाक बोटाने फिरवलं, डोळे मोठे केले. बोट अजून पुरतं वाकत नाही तिचं, पण चाकाभोवती ते बरंच वाकलं होतं.

“मॅडम, भोक चुकलं म्हणून! भोक चुकलं म्हणून हलते!”

तिने नंदी खाली ठेवला आणि त्याच्या पाठीवर तळहाताने दोन थापा मारल्या.

माझ्या हातातला निनादचा दंड एकदम ताठ झाला. त्यानेही पाहिलं होतं. मी ओजलजवळ जाऊन खाली बसले.

“हे कुणी शिकवलं तुला? पट्ट्याने?”

“काय?”

“हे. थाप मारायचं.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच विचारलं. “तुम्हीच तं करता मॅडम. फळा लिहून झाला का, खडू ठेवून टेबलावर. रोज.”

मी निनादकडे वळले. तो रडत होता आणि हसतही होता.

“आई, माझ्या लहानपणापासून माझा डबा भरून झाला की तू हेच करतेस,” तो म्हणाला. “मला वाटलं तुला माहीत आहे.”

सुट्टीनंतर पुन्हा शाळा भरली. मी फळ्यावर तारीख लिहिली, विषय लिहिला, खडू ठेवला, आणि माझा हात टेबलाकडे जाताना मला दिसला. मी त्याला अडवलं नाही.